वर चढायचं कुठून, हे आम्ही आधी विचारतो

सांगलीत आमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान, वडिलांनी चालू केलेलं. सोलरमध्ये आलो ते एका जुन्या गिऱ्हाइकामुळं, ते म्हणाले पंप दुरुस्त करताय तर हे पण बसवा की, आणि मी हो म्हणून टाकलं. सुरुवातीची काही वर्षं नुसतं बसवतच गेलो, घरावर तीन किलोवॅट, पाच किलोवॅट, मग कुपवाड एमआयडीसीत शेडच्या पत्र्यावर मोठी कामं. बसवलेलं पॅनल पुढं वीस-पंचवीस वर्षं धुवायचं, तपासायचं कोणी आणि कुठून चढून, हे डोक्यातच नव्हतं.

विजेचा धडा 2019 च्या महापुरात मिळाला. पार्किंगमध्ये लावलेले इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची डीसी वीज घरातल्या एसी विजेत बदलणारे डबे, पाण्यात गेले, आणि लोकांना वाटायचं लाईट तर गेलीय, आता काय भीती. पण लाईट गेली की फक्त इन्व्हर्टर बंद पडतो, वर ऊन आहे तोवर पॅनलपासून खाली येणारी डीसी केबल जिवंतच असते. दहा पॅनल एकामागं एक जोडलेली स्ट्रिंग धरली तर पाचशे व्होल्टच्या आसपास. पॅनलला बटण नसतं हो. तेव्हापासून आम्ही इन्व्हर्टर पुराच्या खुणेच्या वर लावतो, आणि डीसी आयसोलेटर, म्हणजे ती डीसी तोडायचा स्विच, गच्चीवर पॅनलजवळ. काम करताना आधी एसी बंद, मग डीसी, मग मीटर लावून बघायचं, आणि चालू लोडवर पॅनलच्या वायरी जोडणारा एमसीफोर कनेक्टर कधीच ओढायचा नाही, कारण डीसीचा जाळ एसीसारखा लगेच तुटत नाही, हात भाजतो, आग लागते.

पण खरं बदललो ते कुपवाडच्या एका शेडवर. आमचा एक पोरगा पॅनल धुवायला चढलेला. शेडमध्ये उजेड यावा म्हणून मधे मधे फायबरचे पत्रे असतात, धूळ बसली की ते बाकीच्या पत्र्यांसारखेच दिसतात. त्याचा पाय त्यावर पडला, पत्रा फुटला आणि तो मांडीपर्यंत आत गेला, पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्टीला, पर्लिनला अडकला म्हणून वाचला, खाली मशीन चालू होतं. हार्नेस, म्हणजे अंगावर बांधायचा सेफ्टी पट्टा होता, पण गाडीत होता, कारण पत्र्यावर अडकवायला जागाच ठेवली नव्हती, आणि ती जागा न ठेवणारा मीच. त्याच्या आईला फोन करताना माझा आवाज निघत नव्हता.

त्यानंतर पत्र्यावरचं काम घेताना आधी चालायला वॉकवे आणि हार्नेस अडकवायला लाइफलाइनचा दोर, मग पॅनल. वॉकवे पर्लिनवर टेकलेला पाहिजे, फायबरच्या पत्र्यांवर जाळी, सिमेंटचा पत्रा असला तर फळी टाकल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. शिडी कठड्याच्या वर तीन फूट निघालेली आणि वर बांधलेली. चार फूट उंचीला शिडीचा पाया भिंतीपासून एक फूट बाहेर, एवढा हिशोब पोरांना तोंडपाठ आहे.

घरच्या गच्चीवर वेगळीच अडचण. पापड-कुरडया वाळवायला, कपडे टाकायला जागा पाहिजे म्हणून लोक उंच स्ट्रक्चर मागतात, मागणं रास्तच आहे, पण मग वरची ओळ पुसायला माणूस कठड्यावर उभा राहतो, त्यात उसाच्या सीझनला पाचट पेटवल्याची काजळी पॅनलवर बसते, पुसावं तर लागतंच. म्हणून दोन ओळींत चालायला पट्टी सोडतो. पॅनलवर पाय द्यायचा नाही, काच फुटत नाही पण आतल्या सेलला बारीक चिरा जातात. धुवायचं सकाळी लवकर, तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही, आणि बोअरचं जड पाणी असेल तर शेवटी पुसून घ्यायचं, नाहीतर पांढरे डाग धरतात.

2024 ला पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला 78,000 रुपये सबसिडी, मग कामं एकदम वाढली आणि रेटची ओढाताणही. आमचं कोटेशन वॉकवे आणि शिडीमुळं जास्त येतं, काही गिऱ्हाइकं त्यावरून जातात. जाऊ देत. वॉकवे काढून रेट कमी करा म्हटलं की मी काम सोडतो, घरात यावरून भांडणंही झालीत.

तो पोरगा आता आमच्याकडं सर्व्हिसचा मुख्य आहे. सकाळी गाडी निघायच्या आधी तो प्रत्येकाच्या हार्नेसचे पट्टे ओढून बघतो, माझेसुद्धा, आणि त्याला पटलं नाही तर मला खालीच थांबवतो.