टँकरला चाकं असतात

वारीत हरवायला फार काही करावं लागत नाही. लोणंदच्या तळावर मी तांब्या घेऊन राहुटीबाहेर पडले, समोरच्या निळ्या टँकरची खूण मनात धरून. परत येते तर टँकर गायब. अमावास्येच्या सुमाराची रात्र, वर ढग. जिकडे बघावं तिकडे तशाच राहुट्या, तसेच ट्रक, तोच चुलींचा धूर. मोबाइलला रेंज नाही. दिंडीचा नंबर सांगून विचारावं तर प्रत्येकजण प्रेमाने म्हणे, "सरळ जा, माउली," आणि प्रत्येकाचं सरळ वेगळं! तासाभराने सापडले एकदाची.

आमच्या विणेकरी आबांना टँकरचं गाऱ्हाणं सांगितलं. ते म्हणाले, "टँकर म्हंजी काय ध्रुवतारा हाय व्हय, पोरी? त्याला चाकं असत्यात."

आबांच्या बोलण्यात डावं-उजवं नसतंच. भाकरीची पाटीसुद्धा 'जरा मावळतीला सरकव'. तळावर पोचलं की ते आधी माउलींचा तंबू बघतात आणि आपली राहुटी त्याच्या कुठल्या अंगाला आहे ते मनात धरतात. तो तंबू सकाळपर्यंत हलत नाही.

फलटण सोडलं की वाट बहुतेक उगवतीकडे जाते, आणि या दिवसांतला वारा मावळतीचा. म्हणून तो पाठीवर येतो, पदर सारखा पुढे उडतो. मी वैतागायचे. आबांचा हिशेब साधा: वारा तोंडावर आला की थांबायचं, उलटं चाललोय.

खरी गंमत बरडच्या पुढे झाली. दुपारचे साडेबारा, ऊन पडलेलं. दुपारची सावली उत्तरेला, असं मी शाळेपासून धरून चाललेले. इथे ती वीतभरही नव्हती, आणि पडली होती दक्षिणेला. मला वाटलं, पुन्हा चुकले. "आखाडात अशीच पडती," आबा म्हणाले. मग डोक्यात उजेड पडला: मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत आपल्याकडे भर दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेकडून जातो. कर्कवृत्त परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. पायाशी कधी बघितलं नव्हतं.

एकादशीला पंढरपुरात मात्र सगळंच संपलं. आभाळ भरलेलं, म्हणजे सावली नाही. गल्ल्यांत वारा नाही. चंद्रभागा देवळाच्या उगवतीला, महाद्वाराचं तोंडही तिकडेच, हे ठाऊक होतं. पण उगवत कुठली? आणि गर्दी नेईल तिकडे जायचं म्हटलं तर ती दोन्हीकडून रेटत होती.

तेवढ्यात समोरून पाच-सहा बायका आल्या. लुगडी ओली, केसांतून पाणी निथळतंय. त्या ज्या गल्लीतून आल्या, तिच्यात मी शिरले. दोन वळणांनंतर वाळवंट दिसलं. आबा गुडघाभर पाण्यात उभे होते, उगवतीकडे तोंड करून, ओंजळीत पाणी धरून. अर्घ्य देऊन झाल्यावर वळले, मला बघितलं.

"टँकर घावला व्हय?"