कसब्यातला नाताळ

साताऱ्याहून सकाळची एसटी धरली, खंबाटकीत अडकली आणि स्वारगेटला उतरेपर्यंत साडेदहा वाजले. तिथून रिक्षाने क्वार्टर गेट. सिटी चर्चमागच्या एका जुन्या घरात राहणाऱ्या बाईंकडे जायचं होतं. हे चर्च १७९२ सालचं, जागा सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेली, फौजेतल्या गोव्याकडच्या ख्रिस्ती सैनिकांसाठी. इतकी वर्षं पुण्याला येतोय, आत पाऊल टाकलं ते आत्ता.

बाई नाताळच्या झाडाला टांगायचे तांब्याचे दागिने घडवतात. ‘शोभेच्या वस्तू’ म्हटलेलं त्यांना खपत नाही. “झाडाचा असला तरी दागिनाच तो!” वर्षाला एकच नमुना, त्यावर साल ठोकलेलं, आणि नाताळ झाला की कागदाचा साचा फाडून टाकायचा.

समोर नाताळच्या फराळातल्या करंज्या आल्या. मग एक पुठ्ठ्याचा डबा निघाला. त्यात बहिणीने अमेरिकेतून पाठवलेले, हॉलमार्क नावाच्या तिथल्या शुभेच्छापत्रांच्या कंपनीचे झाडाचे दागिने. त्या कंपनीने १९७३ साली अठरा नमुन्यांनी सुरुवात केली. दरवर्षी नवे नमुने, त्यामुळे लोक जुने शोधत फिरतात. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, जर्मनीतल्या लाउशा गावचे कारागीर झाडासाठी काचेचे गोळे फुंकत. “काच मला जमली नसती,” बाई म्हणाल्या, “पण तांबट हाकेवर आहेत.”

खरी कसरत वजनाची. आपल्याकडचं झाड म्हणजे बहुधा कुंडीतला अरौकेरिया नाहीतर प्लास्टिकचं. फांदी हलक्या हाताची. “पत्रा जाड घेतला तर फांदी वाकते, पातळ घेतला तर दागिनाच वाकतो.” पावसाळाभर त्या कागद कापून कुठे जाळी पाडायची ते बघत बसतात. यंदाचा नमुना आठ पाकळ्यांचा तारा. मला तो आधी आकाशकंदीलच वाटला, तसं बोलूनही गेलो. त्या हसल्या, रागावल्या नाहीत.

दुपारी दोघं कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेलो. पत्ता विचारावा लागत नाही, ठोक्यांच्या आवाजामागे जायचं. पेशवाईत कोकणातून आलेली ही घराणी. एक काका ऐरणीवर तारा धरून माठारत होते. ठोक्याला ठोका लागून, मध्ये रेघभरही जागा न सोडता. मी माठारकाम नक्षी समजत होतो. काकांनी एक कोरी पाकळी हातात दिली, ती बोटाने वाकली. माठारलेली वाकेना. ठोकून ठोकून तांबं कडक होतं. फार कडक झालं की तावून पुन्हा मऊ करायचं. शिवाय प्रत्येक खळग्यात दिव्याचा वेगळा ठिपका दिसतो, तो फायदा वरचा.

“साल घालायचं बाईंनीच सांगितलं का?” मी विचारलं.

“त्यात काय नवीन? लग्नातल्या भांड्यावर नाव, तारीख घालूनच देतात की!”

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. आमच्याकडच्या घंगाळावर आजोबांचं नाव आहे, तिथीसकट.

मुलीच्या जन्मसालचा, २०११ चा तारा मागितला. बाईंनी सरळ नाही म्हटलं. मागचं साल घडवत नाहीत. यंदाचाच घेतला.

रात्री घरी आईने तो तळहातावर तोलला, उलटा करून साल वाचलं आणि विचारलं, “तांबं आहे ना, की मुलामा?” सकाळी बघतो तर चिंच लावून लखलखीत घासलेला तारा देवघराशेजारच्या खिळ्याला.