तांबोरा: 1815 चा उद्रेक पायाखाली वाचत कड्यापर्यंत

तांबोरा ज्वालामुखीला जाणारे बहुतेकजण विवराच्या कड्यावरच्या सूर्योदयावर डोळा ठेवून निघतात आणि खालचं बघायचं राहून जातं. इंडोनेशियातल्या सुंबावा बेटावर बिमा विमानतळ, तिथून दोंपू, मग पांचासिला गाव, यात जवळजवळ अख्खा दिवस जातो. रोख रुपिया, म्हणजे इंडोनेशियाचं चलन, दोंपूतच काढून घ्या. पुढच्या रस्त्यावर डोंगर जिथे ताजा कापलाय, तिथे पाच मिनिटं थांबा.

त्या कापात उद्रेकाचे थर दिसतात: तळाशी बारीक राख, तिच्यावर प्युमिसचे, म्हणजे हलक्या सच्छिद्र ज्वालामुखी दगडाचे खडे, पुन्हा राख, पुन्हा प्युमिस आणि सगळ्यांच्या वर बारीक-मोठं सरमिसळ झालेला थर. खालचा प्युमिस 5 एप्रिल 1815 च्या स्फोटाचा, वरचा 10 एप्रिलच्या संध्याकाळचा. एक खडा पाण्यात टाका, तरंगेल. मॅग्मात, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात, विरघळलेली वाफ दाब सुटताच फसफसून बाहेर पडली, तिचेच हे बुडबुडे. पुढे ज्वालामुखीचं तोंड रुंदावलं, राखेचा खांब स्वतःच्या भाराने कोसळला आणि धगधगत्या राखेचे लोट समुद्रापर्यंत धावले. सर्वांत वरचा सरमिसळ थर त्या लोटांचा. तांबोरा आणि पेकात ही दोन राज्यं त्यांच्याखाली नाहीशी झाली, तांबोराची भाषाही बोलणाऱ्यांसकट गेली.

पांचासिलाची वाट पाच टप्प्यांची, टप्प्याला इथे 'पोस' म्हणतात. राष्ट्रीय उद्यानाचा परवाना आधी काढा, वाटाड्या गावातूनच घ्या. कॉफीच्या मळ्यांपर्यंत ओजेक, म्हणजे भाड्याची मोटारसायकल मिळते. ती जरूर घ्या, पाय पुढे लागणार आहेत. जंगलात जळवा आहेत. मोज्यांत पँट खोचा. पोस 3 ला मुक्काम करा, कारण पाण्याची शेवटची भरवशाची जागा तीच. माथ्याच्या दिवसासाठी माणशी 3 ते 4 लिटर इथेच भरा.

यापुढे जेलातांग नावाची झुडपं आहेत. पान लागलं की आग होते. चोळू नका, काटे आत तुटतात. चिकटपट्टी लावून ओढून काढा. अंधारात हात आधारासाठी आपसूक झाडाकडे जातो, म्हणून पूर्ण बाह्या आणि हातमोजे हवेतच.

रात्री 1 च्या आत निघा, ढग सकाळीच चढतात. झाडी संपली की भुसभुशीत घसारा. पाऊल पूर्ण टेकवा, आपल्या मागच्या माणसाला सरळ खाली उभं राहू देऊ नका, कारण सुटलेला दगड थेट त्याच्यावर जातो. कड्याच्या काठापासून चार-पाच पावलं मागेच थांबा. काठ खालून पोकळ असतो आणि वरून ते कळत नाही.

समोरचं विवर सुमारे 6 किमी रुंद आणि किलोमीटरभराहून खोल. 4000 मीटरपेक्षा उंच असलेला डोंगर, पोटातला मॅग्मा रिता झाल्यावर आत खचला. आजचा माथा 2850 मीटर. जितकी माणसं आगीत गेली, त्याहून कितीतरी जास्त नंतर उपासमारीने आणि रोगाने सुंबावा आणि शेजारच्या लोंबोक बेटावर गेली. शेतं राखेने झाकली, पाणी नासलं. वर गेलेल्या गंधकाच्या वायूचे बारीक थेंब होऊन पृथ्वीभर पसरले, त्यांनी ऊन अडवलं आणि 1816 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या ईशान्य भागात बर्फ पडला.

गुडघे कुरकुरत असतील तर दक्षिणेची दोरो न्चांगाची वाट धरा. गवताळ माळावरून जीप बरीच वर जाते, मात्र ती विवराच्या दक्षिण काठाला पोहोचवते, सर्वोच्च माथ्याला नाही. तिथे सावली नाही आणि वाटेत पाणीही नाही.

निघण्याआधी इंडोनेशियाच्या ज्वालामुखी विभागाचा इशारा बघा. चढत्या धोक्याच्या चार पातळ्या: नॉर्मल, वास्पादा, सिआगा, आवास. सिआगा असेल तर बेत रद्द. 2011 मध्ये तांबोरा त्या पातळीला पोहोचला होता.