बीबी दोनदा बदलली: १२७.५ ते ११३

मागच्या नोंदीत जुनी स्टील फ्रेम सिंगलस्पीड (एकाच गिअरची) करून झाल्याचं लिहिलं होतं. झाली नव्हती; बीबी (बॉटम ब्रॅकेट), म्हणजे पायडलचे दांडे, क्रँक, ज्या एक्सलवर फिरतात तो फ्रेममधला भाग, दोनदा बदलावा लागला. बेळगावजवळच्या राजहंसगडाच्या चढावर पायडलवर उभं राहिलं की चेन करकर करायची, आणि येळ्ळूरपर्यंत येताना दोनदा उतरली. पहिला संशय चेनवर गेला, मग मागच्या दातेरी फ्रीव्हीलवर. दोन्ही निर्दोष निघाले.

सायकल उलटी केली, मागून एक डोळा मिटून पाहिलं आणि लख्ख दिसलं: चेन तिरकी. पुढचं चेनव्हील बाहेर, मागचं फ्रीव्हील आत. गिअरच्या सायकलला हे थोडंफार चालतं. सिंगलस्पीडला चेन एकाच रेषेत आयुष्यभर धावायची असते, तिथं नाही.

मग व्हर्निअर काढला. मागे ड्रॉपआउटमधलं (चाक बसतं त्या दोन खाचांमधलं) अंतर १२६ मिमी, म्हणजे मध्यापासून ६३. उजव्या ड्रॉपआउटच्या आतल्या बाजूपासून फ्रीव्हीलच्या दात्याच्या मध्यापर्यंत १७. वजा करून मागची चेनलाइन, म्हणजे फ्रेमच्या मध्यापासून चेनपर्यंतचं अंतर, ४६. पुढे सीट ट्यूब (सीटखालची उभी नळी) २८.६ जाडीची, निम्मी १४.३, नळीच्या बाहेरच्या कडेपासून चेनव्हीलच्या दात्याच्या मध्यापर्यंत ३९.७. बेरीज ५४. आठ मिलिमीटरचा फरक!

दोष आधीच्या मालकानं घातलेल्या १२७.५ मिमी एक्सलच्या कार्ट्रिजचा, म्हणजे एक्सल आणि बेअरिंग एकत्र असलेल्या बंद बीबीचा. इतका लांब एक्सल सहसा तीन चेनव्हीलच्या क्रँकला लागतो. माझं चेनव्हील क्रँकला रिव्हेटनं कायमचं जोडलेलं, त्यामुळं स्पेसर घालून आत घेण्याची सोयही नाही.

इथं मी शाळकरी चूक केली. १२७.५ मधून ८ वजा केले, ११९.५ आले, जवळचा ११८ चा कार्ट्रिज आणला. बसवून मोजलं तर चेनलाइन ४९.२५. आवाज कमी झाला, गेला नाही. खडे बाजारात ज्या मामांकडं मी लहानपणी कॉटर पिन ठोकून घ्यायचो, त्यांना दाखवलं. ते हसले. "अरे बाबा, एक्सल दोन्हीकडनं कमी होतंय की! निम्मं डावीकडं गेलं गा."

खरंच. समान बाजूंचा एक्सल साडेनऊ मिमी आखूड झाला की चेनव्हील आत सरकतं पावणेपाचच. आठ आत घ्यायचे तर एक्सल सोळा कमी हवा: १११.५. या मापाचा सहसा मिळत नाही. मिळतात ११० आणि ११३.

११० घेतला असता तर चेनलाइन ४५.२५. कागदावर छान. पण १२७.५ ला चेनव्हील आणि चेनस्टे (बीबीपासून मागच्या चाकाकडं जाणारी नळी) यांत ११ मिमी फट होती. ११० ला ती सव्वादोन उरते. चढावर जोर लावला की फ्रेम वाकते आणि दाते रंग खरवडतात. ११३ ला चेनलाइन ४६.७५, फट पावणेचार. पाऊण मिलिमीटरचा तिरकेपणा चेनला जाणवतही नाही. ११३ घेतला.

उद्यमबागेत लेथ असलेला एक मित्र म्हणाला, "कशाला नवीन, ११८ चाच एक्सल घासून देतो." हात जोडले. एक्सल कडक केलेलं पोलाद असतं, आणि चौकोनी उतार घासला की क्रँक कुठं जाऊन बसेल ते सांगता येत नाही. उताराचंही बघूनच घ्या: शिमानोसारखा जेआयएस मापाचा आणि जुन्या कॅम्पॅग्नोलोचा आयएसओ मापाचा, दोन्ही चौकोनीच दिसतात. पण जेआयएस क्रँक आयएसओ एक्सलवर चढवला की तो जवळजवळ साडेचार मिमी जास्त आत जातो. सगळं गणित पाण्यात.

बसवण्यात विशेष काही नाही. शेल (बीबी बसते ती फ्रेमची आडवी नळी) ६८ मिमी, आटे १.३७ इंच, इंचाला २४. उजवा कप उलट्या आट्यांचा, म्हणून सोडवताना घड्याळाच्या दिशेनं फिरवायचा. पहिल्यांदा मी भलतीकडंच जोर लावून तो आणखी घट्ट केला होता. आट्यांना ग्रीस भरपूर लावलं. खानापूर-जांबोटीकडचा पाऊस बीबीत शिरला की पुढच्या वर्षी कप हलता हलत नाही.

डावा क्रँकही सव्वासात मिमी आत आला, त्याची चेनस्टेपासूनची फट मात्र मी बसवून झाल्यावर तपासली. नशिबानं बोटभर होती.

रविवारी पुन्हा राजहंसगड. शेवटच्या वळणावर उतरून ढकलावीच लागली, पण ती पुढे ४२, मागे १८ दात्यांच्या गिअरची आणि माझ्या मांड्यांची कृपा. चेन गप्प होती.