साठ दिवस आधी
आज सकाळी आठच्या ठोक्याला संगणकासमोर बसलो, कारण खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकणाऱ्या आमच्या चिरंजीवांचे डिसेंबरच्या सुटीचे पुणे-नागपूर तिकीट काढायचे होते. पूर्वी १२० दिवस आधी आरक्षण करता येई. नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली आणि खरे सांगायचे तर आम्हाला ती सोयीचीच वाटते, कारण दीक्षान्त संचलन आटोपून मुलाला नेमके कधी सोडतील, हे इतके आधी आम्हाला कळतच नसे. पहिल्या पसंतीची गाडी बघता बघता प्रतीक्षा यादीत गेली. आझाद हिंदमध्ये मात्र वरचा बर्थ मिळाला. संध्याकाळी फोनवर तो एवढेच म्हणाला, “बाबा, काळी ट्रंक इथेच ठेवतो, फक्त पिशवी आणतो.” त्याच्या आईने लगेच परतीच्या संत्र्यांचा हिशेब मांडला.