अंगठ्याची जागा

फोंडा, आषाढ

गिटारवर पिंच हार्मोनिकचा, म्हणजे अंगठ्याच्या स्पर्शाने तारेतून वरचा स्वर काढण्याचा, सराव सध्या रोज संध्याकाळी चालू आहे. पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, अगदी टोकाशी धरायचे आणि तार छेडताक्षणी अंगठ्याच्या कडेने तिला निसटता स्पर्श करायचा. तो रेंगाळला तर तार मुकी होते, झालाच नाही तर नुसता मूळ स्वर वाजतो. एवढे सगळेच शिकवतात. अंगठा नेमका कुठे लागावा, हे मात्र हात पुढेमागे करून शोधायला सांगतात, आणि माझ्या मते खरी विद्या तिथेच आहे.

म्हणून आज मोजपट्टी घेऊन बसलो. माझ्या गिटारच्या तारेची वाजती लांबी ६४८ मिलिमीटर आहे आणि मोकळी पाचवी तार ११० हर्ट्झवर मिळवलेली आहे. ब्रिजपासून, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा टेकतात त्या पट्टीपासून, १६२ मिलिमीटरवर, म्हणजे चौथ्या हिश्शावर, अंगठा लागला की मूळ स्वर दबतो आणि दोन सप्तके वरचा ४४० हर्ट्झचा षड्ज उसळून येतो. मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपैकी पाचवीशी, म्हणजे पाचव्या फ्रेटशी, तार दाबून अंगठा त्याच जागी ठेवला, तेव्हाही ४४०च वाजला. पण तार आखूड झाल्याने ती जागा आता तिसऱ्या हिश्शावर आली होती आणि तोच स्वर नव्या षड्जाचा पंचम झाला होता. दोन सप्तके वरचा षड्ज हवा असेल तर अंगठा सुमारे १२१ मिलिमीटरवर आणावा लागतो. डावा हात सरकला की उजव्यानेही सरकायचे, हे आज मला आकड्यांतून उमगले.

मोकळ्या तारेवर १३० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पाचव्या हिश्शावर, सापडला तो गंधार. आईच्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गंधार हाच. ५५० हर्ट्झचा, कीबोर्डवरच्या ५५४ हर्ट्झच्या गंधाराहून किंचित उतरलेला, आणि म्हणूनच कानाला इतका शांत. अँपचा गेन, म्हणजे आवाजाची धार, वाढवून ब्रिजकडच्या पिकअपवर (तारेचे कंपन टिपणाऱ्या चुंबकावर) तो ऐकताना मी बराच वेळ दुसरे काही वाजवलेच नाही.

आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत तारा लवकर गंजतात, आणि गंजलेल्या तारेतून आधी हेच वरचे स्वर नाहीसे होतात. उद्या नव्या तारा चढवून हा गंधार सातव्या फ्रेटवर शोधणार आहे. हिशोबाप्रमाणे तो ब्रिजपासून ८६ मिलिमीटरच्या पुढेमागे मिळायला हवा.