कंपोझिशन सोडलं आणि वही चार जणांच्या हाती गेली

इंदुरात मसाले, लोणची, पापड, चिवडा करून विकणारी मराठी घरं काही कमी नाहीत, आमचं त्यातलंच एक. लोकमान्य नगरात घर, जवळच भाड्याचं गोडाऊन आणि कच्चा माल सियागंजाच्या घाऊक बाजारातून. उलाढाल 40 लाखांच्या वर गेली तेव्हा जीएसटीची नोंदणी घेतली आणि कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या योजनेत, राहिलो. माल तयार करून विकणाऱ्याला त्यात उलाढालीवर सरसकट एक टक्का भरावा लागतो, अर्धा केंद्राचा आणि अर्धा राज्याचा. तीन महिन्यांनी कर भरायचा एक सीएमपी-08, वर्षातून एकदा जीएसटीआर-4 हे रिटर्न, की सुटलो. हिशेब मी बघते. हे आणि धाकटे दीर माल आणि डिलिव्हरी बघतात.

या 40 लाखांबद्दल आमच्या ओळखीतल्यांचाच मोठा गैरसमज आहे. पापडावर कर शून्य, म्हणून पापडाची विक्री बाजूला काढून मर्यादा मोजणारे मी पाहिलेत. तसं चालत नाही, करमाफ मालही उलाढालीत धरतात. उलट गंमत अशी की कंपोझिशनमधला उत्पादक तो एक टक्का पापडाच्या विक्रीवरही भरतो. फक्त खरेदी-विक्री करणाऱ्याला तो करपात्र मालावरच लागतो. पापड नुसते विकणाऱ्याला जे माफ, ते लाटून घेणाऱ्याला नाही.

कंपोझिशन सोडायचं ठरलं ते पुण्यामुळे. इंदूरची मुलं नोकरीला पुण्या-मुंबईला गेली, की त्यांच्यामागे गोडा मसाला जातोच. इथे येऊन कुणी पिशवी भरून नेली तर तो इंदुरातलाच व्यवहार. पण आपण पार्सल करून पाठवलं की माल मध्य प्रदेशाबाहेर जातो, आणि कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही. शिवाय इथले दोन दुकानदार सारखे पक्कं टॅक्स बिल मागत होते. आमच्या बिलावर कर नाही, म्हणजे त्यांना क्रेडिट नाही, खरेदीवरचा कर त्यांना स्वतःच्या करातून वळता करता येत नाही. आमच्याकडे सगळे ज्यांना वकीलसाहेबच म्हणतात असे एक कर सल्लागार आहेत, ते म्हणाले, "वहिनी, दिवाळीच्या ऑर्डरी घ्यायच्या असतील तर आत्ताच बाहेर पडा, ऐन सीझनमध्ये नको." मग 2025 च्या जूनमध्ये पोर्टलवर योजनेतून बाहेर पडायचा सीएमपी-04 फॉर्म भरला आणि 1 जुलैपासून रेग्युलर, म्हणजे नेहमीच्या जीएसटीत, आलो.

फॉर्म भरणं पाच मिनिटांचं काम. खरं काम त्यानंतरचं आहे, आणि ते कुणी फारसं सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. कंपोझिशनमध्ये असताना खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही. बाहेर पडताना मात्र आदल्या दिवशी जेवढा माल शिल्लक असेल, त्यावरचं क्रेडिट मागता येतं. त्यासाठी आयटीसी-01 हा फॉर्म 30 दिवसांच्या आत भरायचा. बिल एक वर्षाच्या आतलं हवं. क्रेडिट दोन लाखांच्या वर जात असेल तर सीएचा दाखला लागतो, आमचं त्याच्या खूप खाली होतं. सियागंजात "बिल चाहिए तो पाँच परसेंट ऊपर से" हे ऐकलं नाही असा दिवस जात नाही, पण सासऱ्यांच्या काळापासून आमच्याकडे पक्कंच बिल घ्यायची रीत. कंपोझिशनमध्ये त्याचा काही उपयोग नव्हता, तेव्हा दीर कुरकुरायचे. जुलैत गप्प झाले.

30 जूनला दुपारनंतर कांडप बंद ठेवलं आणि मोजणी केली. धणे, सुकं खोबरं, तीळ, तेल हे सोपं होतं. पोती आणि डबे वजनकाट्यावर ठेवले, लिहून काढलं. अडचण आली ती तयार मालाची. क्रेडिट तयार मसाल्यावर मिळत नाही, त्या मसाल्यात जो कच्चा माल गेलाय त्यावर मिळतं. म्हणजे एक किलो गोड्या मसाल्यात धणे किती, खोबरं किती, हे कागदावर हवं. आणि आमच्याकडचं प्रमाण सासूबाईंच्या हातात होतं: चार वाट्या हे, दोन वाट्या ते, दगडफूल मूठभर. मी काटा समोर घेऊन बसले. आई म्हणाल्या, "मूठ कुणाची धरू? माझी का तुझी?" शेवटी त्यांचीच मूठ तीनदा काट्यावर ठेवली आणि सरासरी घेतली. भाजताना वजन घटतं तेही धरावं लागलं. किलोभर मसाल्याला कच्चा माल किलोपेक्षा जास्तच लागतो, हे धंद्यातल्या माणसाला ठाऊक असतं, पण लिहून ठेवलेलं नसतं. मी ते तक्त्यात मांडलं आणि वर आईंची सही घेतली. वकीलसाहेब हसले, पण तो कागद फाइलला लावून घेतला. कैरीवर कर नाही, मीठावर नाही, म्हणून लोणच्यात क्रेडिट फक्त तेलाचं, मोहरीचं आणि मसाल्याचं.

छापील पाउचचं मात्र गेलं. कारखाना थोडे पाउच छापून देत नाही, म्हणून दीड वर्षाला पुरतील एवढे आधीच्या वर्षीच घेऊन ठेवलेले. बिल वर्षापेक्षा जुनं, म्हणून 18 टक्क्यांचं क्रेडिट सोडून द्यावं लागलं. जे कुणी कंपोझिशन सोडायच्या विचारात असतील त्यांनी पॅकिंगचा मोठा माल बाहेर पडल्यावर घ्यावा, एवढं नक्की सांगेन. पापडाच्या पाउचचं क्रेडिट तर नव्या बिलावरही नाही, कारण पापड करमाफ. त्यांचं बिल आता आम्ही वेगळं करून घेतो. एकाच बिलात आले तर दर वेळी किती कुठे वापरले याची वाटणी करत बसावं लागतं.

रेग्युलर झाल्यावर पहिल्या तिमाहीतच कळलं की आता माझा कर माझ्या वहीवर ठरत नाही. विक्री आपल्या हातात असते, पण खरेदीचं क्रेडिट समोरच्याने त्याचं रिटर्न भरल्यावरच मिळतं. त्याने बिल पोर्टलवर चढवलं तर ते आपल्या 2बी मध्ये, म्हणजे पोर्टलच आपल्यासाठी बनवतं त्या खरेदीच्या यादीत, दिसतं, आणि 1 जानेवारी 2022 पासून 2बी मध्ये नसलेल्या बिलाचं क्रेडिट घेताच येत नाही. माझ्या हातात पक्कं बिल, बँकेतून दिलेले पैसे, गोडाऊनमध्ये माल, सगळं असून उपयोग नाही. आमच्या एका पुरवठादाराचं बिल तिमाही संपली तरी दिसेना. फोन केला तर म्हणतो, "दीदी, माल दे दिया, बिल दे दिया, अब रिटर्न भी आपसे पूछ के भरूँ?" म्हटलं हो, आता असंच आहे. तेव्हापासून नव्या पुरवठादाराशी बोलणं असं ठरवते की मालाचे पैसे ठरल्या दिवशी, कराचे पैसे 2बी मध्ये बिल दिसल्यावर. जुन्यांना राग येतो, पण देतात. फक्त हे अडवून धरणं 180 दिवसांच्या पुढे नेऊ नये. तेवढ्यात पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं.

उलटंही होतं. एकदा आमच्या नंबरावर बाथरूम टाइल्सचं बिल दिसलं. कुणीतरी जीएसटी नंबर टाकताना गफलत केली असणार. 2024 च्या ऑक्टोबरपासून पोर्टलवर आलेली बिलं स्वीकारायची, नाकारायची किंवा बाजूला ठेवायची सोय आहे. काहीच केलं नाही तर बिल स्वीकारलं असं धरतात. म्हणून रिटर्नच्या आधी ती यादी एकदा डोळ्यांखालून घालतेच. टाइल्स नाकारल्या.

गोडाऊनच्या भाड्याचं प्रकरण त्याहून अवघड गेलं. घरमालक काका निवृत्त गृहस्थ, त्यांची जीएसटी नोंदणी नाही. 10 ऑक्टोबर 2024 पासून नियम असा आहे की नोंदणी नसलेल्या मालकाकडून दुकान-गोडाऊन भाड्याने घेतलं, तर त्यावरचा 18 टक्के कर भाडेकरूने स्वतःच भरायचा. कंपोझिशनवाल्यांना 2025 च्या जानेवारीत यातून वगळलं, म्हणून आमची तेवढे महिने सुटका झाली होती. 1 जुलैला ती संपली. 14,000 भाड्यावर महिन्याला 2,520 रुपये. काकांना सांगितलं तर ते भडकले. "अगं, भाडं मी घेतो, नोंदणी मला नाही, आणि टॅक्स तू माझ्या नावावर भरतेस? उद्या मला नोटीस आली म्हणजे?" त्यांना समजावलं की तुमच्या नावावर काही नाही, बिलही मीच मला लिहायचं आहे. खरंच तसं आहे, त्याला स्वतःचं बिल म्हणतात आणि ते 30 दिवसांत करायचं असतं. हा कर क्रेडिटमधून वळता करता येत नाही, रोखच भरावा लागतो. भरल्यावर त्याच रिटर्नमध्ये त्याचं क्रेडिट घेता येतं, म्हणजे करमाफ पापडाच्या वाट्याचं सोडलं तर शेवटी हातातून जात काही नाही, पण महिन्याच्या 25 तारखेला चलन भरताना पैसे खात्यात असावे लागतात. ओळखीच्या बहुतेक दुकानदारांना हा नियम आजही माहीत नाही. भाडं खर्चात लिहितात आणि पुढे जातात.

पुण्याच्या पार्सलांत एक बारीक गोष्ट होती. इंदुरातल्याच परस्पर नगर वस्तीतल्या एक आजी दर महिन्याला नातवाला खाऊ पाठवतात. पैसे त्या इथे देतात, माल कोथरूडला जातो. बिल आजींच्या नावाचं म्हणून दीर बिनधास्त सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे राज्यातल्या राज्यातल्या विक्रीचा कर, लावायला निघाले होते. ग्राहक नोंदणीकृत नसेल तेव्हा पार्सल जिथे पोहोचतं तो पत्ता बघायचा, म्हणजे हा आयजीएसटी, राज्याबाहेरच्या विक्रीचा. रक्कम तीच, पण डबा चुकला तर योग्य डब्यात पुन्हा भरा आणि चुकलेला परत मागा, एवढा उपद्व्याप. आता बिलावर पोहोचवायचा पत्ता लिहिल्याशिवाय कुरिअरवाल्याच्या हातात पार्सल देत नाही. कुरिअरच्या पावतीवर आपला जीएसटी नंबर घालून घ्यायचा तेही यातच आलं, नाहीतर त्याचं 18 टक्क्यांचं क्रेडिट गेलं.

मध्येच 22 सप्टेंबर 2025 ला दर बदलले. पाकिटबंद चिवडा आणि लोणचं 12 वरून 5 वर आलं. मसाला आधीपासून 5 वरच होता. ऐन दिवाळीच्या तोंडावर, त्यामुळे ग्राहक खूश आणि आमची धांदल. नवं बिल नव्या दराने, हे सगळ्यांनाच कळलं. गोंधळ झाला तो परत आलेल्या मालात. ऑगस्टमध्ये 12 टक्क्यांनी विकलेलं लोणचं एका दुकानदाराने ऑक्टोबरमध्ये परत केलं आणि म्हणे आता 5 ने क्रेडिट नोट द्या, आमच्या टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) तोच दर आहे. मूळ बिल ज्या दराचं, क्रेडिट नोट त्याच दराची. टॅलीत आम्ही आता तारखेप्रमाणे दर बदलून ठेवलाय आणि क्रेडिट नोटवर मूळ बिलाचा नंबर घातल्याशिवाय ती छापत नाही. त्या दुकानदाराशी मात्र अजून धुसफूस आहे.

आणखी एक, यूपीआयचं. 2025 च्या जुलैत कर्नाटकात यूपीआयच्या जमा रकमांवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या, तेव्हा इथेही सगळे घाबरले. यूपीआयवर आलेला प्रत्येक रुपया विक्री नसतो. बहिणीने परत केलेले उसने पैसे असतात, भिशी असते. पण कोणता कशाचा हे विचारलं तर आपल्याच तोंडून निघावं लागतं. आमचा धंद्याचा क्यूआर चालू खात्याला जोडलाय आणि घरचं त्यावर घ्यायचं नाही असा दम सगळ्यांना दिलाय. विक्रीची नोंदही जमा रकमेवरून करत नाही, बिलावरून करते. 105 रुपये आले की विक्री 100 आणि 5 सरकारचे. ते पाच टॅलीत पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्याला जातात. हे न केल्याने वर्षअखेर नफा फुगलेला आणि बँक रिकामी अशी अवस्था झालेले दोन जण तरी माझ्या माहितीत आहेत.

कंपोझिशनचं एक शेपूट अजून बाकी आहे. एप्रिल ते जून 2025 आम्ही त्या योजनेत होतो, म्हणून तेवढ्या तीन महिन्यांसाठी का होईना, जीएसटीआर-4 भरावाच लागेल. मुदत 30 जून 2026. बाहेर पडलेले बरेच जण हा विसरतात, कारण पोर्टल उघडलं की समोर दिसतात ती नवीनच रिटर्नं. वकीलसाहेबांना मी मे महिन्यातच आठवण करणार आहे.